पाणपोईचा कोरडा चौकोन

"आधी डोंगर, मग होडीनं पलीकडचे पिरॅमिड. ओमदुर्मानहून निघतानाच ठरलंय," तसाबीह म्हणाली.

"तू ठरवलंयस. मी झोपलो होतो," मुज्तबा म्हणाला. "आधी होडी."

नाईलच्या काठाला टेकून गंजत पडलेल्या जुन्या आगबोटीच्या डेकवर दोघं बहीणभाऊ बसले होते. मामाच्या गावी, करीमात, सुट्टी म्हणजे हीच जागा. खाली बोटीच्या पोटात कुणाच्या तरी शेळ्या बांधलेल्या होत्या आणि वर हे दोघं आल्यापासून नुसते भांडत होते. त्यांचा मामेभाऊ बाबिकर चावी घेऊन येणार होता. डोंगराच्या पायथ्याशी जे जुनं देऊळ आहे ना, त्याच्या फाटकाची चावी. इद्रीसमामा तिथला रखवालदार, त्यामुळे फाटक म्हणजे घरचंच.

बाबिकर आला तो रिकाम्या हातानं.

"चावी?"

"काढून घेतली बाबांकडून. सकाळी कचेरीतला माणूस आला होता." तो धपकन खाली बसला. "मेंढ्याचं डोकं कोरलेला काळा दगड होता ना, संग्रहालयात न्यायला म्हणून फाटकाशी काढून ठेवलेला? तो गेलाय. आणि सगळं गाव म्हणतंय, बाबांनी ट्रकवाल्याला विकला."

"कोण सगळं गाव?"

"हाजी अवदल्ला."

"मग तसं म्हण ना. ते एकटे म्हणजे सगळं गाव नव्हे."

"त्यांचा आवाज तू ऐकला नाहीयेस," बाबिकर म्हणाला. "गुरुवारी खार्टूमहून नजवाबाई येतायत, पुरातत्त्व खात्याच्या निरीक्षक. दगड नाही मिळाला तर बाबांची नोकरी गेली आणि वर पोलीस."

आता डोंगर की होडी हा प्रश्नच उरला नाही.

घरी मामा अंगणातल्या दोरीच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. पुढ्यात चहा गार होऊन साय धरलेला.

"मामा, दगड शेवटचा कधी पाहिलास?" तसाबीहनं विचारलं.

"पोरांनी खावं, खेळावं," मामा भिंतीला म्हणाला.

"अरे पण..."

"बतूल, पोरांना गुर्रासा दे गं."

मामीनं गुर्रासाच्या जाड पोळ्या आणि वरण पुढ्यात आणून ठेवलं. मुज्तबा खाऊन घेतो म्हणाला, कारण तो नेहमीच असं म्हणतो. पण मामीकडून एवढं कळलं की दगड गोणपाटाखाली झाकून ठेवला होता, शेळ्यांनी त्याच्यावर चढू नये म्हणून. आणि तो गेला कधी, हे कुणालाच माहीत नाही. गोणपाट मात्र तिथंच पडलेलं होतं.

मग सुरू झाली चौकशी. आणि चौकशी म्हणजे काय, तर चहा. बेकरीवाल्याला विचारलं, त्यानं चहा दिला. होडीवाल्याला विचारलं, त्यानं चहा आणि खजूर दिले. शिंपी म्हणाला, तू कुणाची मुलगी, अमक्याची नात का, तुझी आजी आमच्या आत्याच्या लग्नात नाचली होती, आणि चहा दिला. दगडाबद्दल कुणी अक्षर बोलेना.

"माझ्या पोटात आता होडी चालेल," मुज्तबा म्हणाला.

"मला साधं पाणी हवंय," तसाबीह म्हणाली. "ज्यात साखर नाही असं काहीतरी."

रस्त्याच्या वळणावर कडुनिंबाखाली पाणपोई होती, अगदी नवी. हाजी अवदल्लांनी आपल्या वारलेल्या आईच्या नावानं बांधलेली. गिलावा केलेला कट्टा, त्यावर तीन मोठे रांजण आणि साखळीला बांधलेला डबा. रांजण पाझरत होते. त्यामुळे कट्ट्याचा गिलावा ओला होऊन काळपट पडला होता.

मुज्तबा पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि तसाच बघत उभा राहिला.

"चल ना," तसाबीह म्हणाली.

"इथं ओलं का नाहीये?"

"काय?"

"सगळा कट्टा भिजलाय. हा एवढा चौकोन कोरडा. रांजणाच्या बरोब्बर खाली."

बाबिकरनं वाकून पाहिलं. खरंच. आजूबाजूची माती ओलीगच्च आणि मधेच ताटाएवढा फिकट, कोरडा चौकोन.

"कच्च्या विटा पाणी पितात, म्हणून बाहेरचा गिलावा भिजतो," बाबिकर हळूहळू म्हणाला. "इथं मागं वीट नाहीये. पाणी न पिणारं काहीतरी आहे."

"काळा दगड," तिघं एकदम म्हणाले.

"हा कट्टा बांधला कुणी?"

"सगळ्यांनी. नफीर होती." गावात काही बांधायचं, खणायचं असलं की हाक देतात, आणि ज्याला जमेल तो जमेल ते घेऊन येतो. त्याला नफीर म्हणतात. "त्या दिवशी अख्खा गाव इथं होता. बाबासुद्धा इथंच, सगळ्यांच्या जेवणाच्या चुलीपाशी होते."

"म्हणजे फाटकावर कुणी नव्हतं," तसाबीह म्हणाली. "सोपं आहे मग. दगड कुणी कुणी आणले ते विचारू."

बाबिकर तिच्याकडे असा बघायला लागला, जणू ती चंद्रावरून आलीय. "असं विचारत नाहीत."

"का?"

"नफीरमध्ये कोणी काय आणलं हे आणणाऱ्यानं सांगायचं नसतं आणि दुसऱ्यानं विचारायचं नसतं. सांगितलं की पुण्य गेलं."

"बाबिकर, तुझ्या वडिलांची नोकरी जातेय."

"मी नियम केलाय का?"

तरी त्यांनी विचारलं. बेकरीवाला म्हणाला, छे, मी कुठं काय आणलं. होडीवाला म्हणाला, देवाला माहीत. शिंप्यानं तर कानाला हात लावले आणि पुन्हा चहा टाकायला उठला. तसाबीहला रडावं की ओरडावं कळेना. एवढी चांगली माणसं तिनं एका ठिकाणी कधी पाहिली नव्हती, आणि एवढा वैताग कधी आला नव्हता.

शेवटी मुज्तबानं सरळ कट्ट्याशी जाऊन नखानं गिलावा खरवडायला घेतला. दोन टवके उडाले तेवढ्यात मागून गर्जना झाली.

"हात काढ तिथून."

हाजी अवदल्ला. पांढरीशुभ्र पगडी, हातात काठी.

"हाजीबाबा, याच्या आत देवळातला दगड आहे," तसाबीह म्हणाली.

"माझ्या आईच्या पाणपोईत? चोरीचा माल?" हाजींनी काठी जमिनीवर आपटली. "मामानं चोरी करायची आणि भाच्यांनी आमच्या मेलेल्या माणसांवर ढकलायची? या कट्ट्याला कुणी बोट लावलं तर याद राखा."

पोरं पळाली ती थेट मामाकडे. मामानं सगळं ऐकून घेतलं. क्षणभर त्याचे डोळे चमकलेही. मग तो परत भिंतीकडे वळला.

"नाही. वारलेल्या बाईच्या नावाचं पाणी आहे ते. ते फोडून मला माझं नाव साफ करायचं नाही."

"आणि पोलीस?" बाबिकरचा आवाज फाटला. "बाबा, त्यांनी तुम्हाला नेलं तर?"

"नेतील," मामा म्हणाला. "गुर्रासा खाल्लात का?"

बाबिकर तडक उठून बाहेर गेला. ही दोघं मागोमाग. तो भिंतीला लाथा मारत होता.

"एक फोडू देत नाही. एक फोडायला तयार नाही. बाकीचे चहा पाजतायत."

"बोट लावायचं नाही असं म्हणाले ना हाजीबाबा?" मुज्तबानं विचारलं.

"हो."

"पाणी लावायचं नाही असं नाही म्हणाले."

"म्हणजे?" बाबिकर लाथा मारायचा थांबला.

"पाणपोईत पाणी भरणाऱ्याला कोण नाही म्हणेल?" मुज्तबा म्हणाला. "तू म्हणशील?"

कुणीच म्हणालं नाही. त्या संध्याकाळपासून तिघं नदीवरून बादल्या वाहायला लागले. रांजण काठोकाठ भरायचा, मग आणखी एक बादली ओतायची, म्हणजे पाणी कट्ट्यावरून घळाघळा वाहील. चढ असा की पाय भरून यायचे. बाबिकरच्या तळहाताला फोड आले, तसाबीहचा झगा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखला. येणारेजाणारे थांबून दुवा द्यायचे. हाजी अवदल्लांनी तर कमालच केली. भर मशिदीत म्हणाले, "इद्रीस कसाही असो, त्याच्या घरची पोरं बघा. चूक कळली आणि पाणी वाहतायत."

"ऐकलंस?" बाबिकर दात आवळून म्हणाला. "आपल्याला पश्चात्ताप झालाय."

"होऊ दे. बादली उचल."

पण गिलावा म्हणजे गिलावा. शेण आणि माती मळून लावलेला. तो फुगला, भेगाळला, पण सुटेना. गुरुवार उजाडला तरी तो तिथंच.

नजवाबाई आल्या. धुळीनं माखलेली गाडी, डोळ्यांवर जाड चष्मा, चेहरा असा की रात्रभर प्रवास झालाय आणि इथं येऊन पहिल्यांदा चहाच मिळालाय. बैठक कडुनिंबाच्या सावलीत भरली, म्हणजे पाणपोईच्या शेजारीच. मामा खाली मान घालून उभा. आणि हाजी अवदल्ला बोलायला लागले.

ते बोलत राहिले. गावाचं नाव, पूर्वजांचं नाव, विश्वासघात, ट्रक. तसाबीहनं मुज्तबाला डोळ्यानं खुणावलं. त्यानं बादली ओतली.

"पुरे आता, पोरा," हाजी मधेच म्हणाले. "रांजण भरलाय."

"पाहुण्यांना गार पाणी लागेल, हाजीबाबा," तसाबीह अगदी गोड आवाजात म्हणाली. "तुमच्या आईच्या नावाचं पाणी आहे. कमी कसं पडू द्यायचं?"

यावर काय बोलणार? हाजींनी मान हलवली आणि पुन्हा ट्रकवर आले. बाबिकरनं दुसरी बादली ओतली. हात इतके दुखत होते की ती अर्धी त्याच्याच पायावर गेली.

"माझं म्हणणं एवढंच," हाजींनी काठी उंचावली, "की ज्याच्या हाती चावी..."

थप्प.

एवढाच आवाज झाला. ओल्या गिलाव्याचा मोठा पापुद्रा कट्ट्यावरून सुटून जमिनीवर पडला. आत काळा दगड चमकत होता. पाण्यानं स्वच्छ धुतलेला. त्यावर गोल वळलेलं शिंग, आणि शिंगाखाली एक मोठा, शांत डोळा.

नजवाबाई चिखलात गुडघे टेकून बसल्या आणि हातानं उरलेली माती काढायला लागल्या.

"हाच तो," त्या म्हणाल्या. "इथं कुणी आणला?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. बेकरीवाला आभाळाकडे, शिंपी चपलेकडे.

"नफीरमध्ये कोणी काय आणलं हे सांगायचं नसतं, बाई," तसाबीह म्हणाली. "फाटकाजवळून कुणीतरी चांगल्या मनानं उचलला असणार. पण तो माणूस गप्प राहिला, की चोर मात्र माझा मामाच राहतो."

मग हाजी अवदल्लांची काठी हळूच खाली आली.

"गोणपाटाखाली होता," ते म्हणाले. आवाज इतका लहान की मागच्यांनी पुढच्यांना विचारलं. "मी ट्रॅक्टर घेऊन गेलो होतो. वाटलं, पडलेलाच दगड आहे. मातीनं भरलेला होता. गवंडी म्हणाला, खडबडीत बाजू बाहेर ठेवू, गिलावा धरेल."

"आणि इतके दिवस इद्रीसला ट्रकवाला दाखवत होतात?" नजवाबाई कडाडल्या.

"मला कुठं आठवलं, बाई. पुण्याचं काम, केलं आणि विसरलो. विसरायचंच असतं ते." म्हातारा मामाकडे वळला. पगडी काढून त्यानं हातात घेतली. "इद्रीस, माझ्या आईच्या नावाच्या कामात मी तुझं नाव मातीत घातलं. मला माफ कर."

मामानं चटकन त्यांचे हात धरले. बाबिकर मात्र हुंदके देत रडत होता आणि आपण रडत नाही असं सगळ्यांना सांगत होता.

"फाटक उघडं टाकून चुलीपाशी बसलात, त्याबद्दल तुमच्याशी वेगळं बोलणार आहे," नजवाबाई मामाला म्हणाल्या. पण चावी त्यांनी त्याच्या हातात ठेवली. मग चष्मा पुसत पोरांकडे वळल्या. "आणि तुम्ही. माझ्या खात्यातली मोठी माणसं आठवडाभर फोनवर नुसती एकमेकांवर ओरडतायत. तुम्ही एक कोरडा चौकोन पाहिलात आणि डोकं शांत ठेवून काम केलंत. शाबास."

"मी पाहिला," मुज्तबा म्हणाला. "यांना चला चला झालं होतं."

दगड काढायचा म्हणजे कट्टा फोडणं आलं, आणि फोडला की पुन्हा बांधणं आलं. हाजींनी त्याच संध्याकाळी नफीरची हाक दिली. दुसऱ्या दिवशी अख्खा गाव विटा आणि दगड घेऊन हजर झाला. या वेळी वळणावर एक दोरीची खाट आडवी टाकलेली होती. खाटेवर तिघं बसले होते आणि येणारा प्रत्येक दगड उलटापालटा करून, बादलीत बुडवून, नीट बघूनच पुढे सोडत होते. रांग लांबलचक झाली. शिंपी कुरकुरला. होडीवाल्यानं विचारलं, "अरे, पुण्य करायलासुद्धा तपासणी?"

"करायलाच," तसाबीह म्हणाली. "पुढचे?"

पुढे हाजी अवदल्ला उभे होते. दोन्ही हातांत एक छोटासा, अगदी साधा दगड. त्यांनी तो निमूटपणे तिच्या पुढ्यात ठेवला, आणि तिचं धुऊन होईपर्यंत एका शब्दानंही बोलले नाहीत.