चौथा पट्टा

चाकाच्या खुर्चीची पुढची दोन लहान चाकं दर आठवड्याला उलटी करून बघावी लागतात. घरभरचे केस, शिवणाचे दोरे, पायपुसण्याची सुतं असं काहीबाही त्यांच्या आसाभोवती गुंडाळत जातं. बाहेरून काही दिसत नाही. मग एके दिवशी चाक जागच्या जागी अडतं आणि बसलेला माणूस तोंडावर आपटतो. म्हणून दर रविवारी सकाळी ती नवऱ्याला पलंगावर उशांना टेकवून बसवायची, खुर्ची जुन्या चादरीवर आडवी करायची आणि चिमटा-कात्री घेऊन बसायची. केस निघाले की मोठ्या चाकांची हवा. हवा उतरली की ब्रेकचा दांडा टायरला नीट टेकत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ते उगाच ब्रेकच पिळत बसतात. मग चाकाच्या तारा, एकेक चिमटीत धरून. शेवटी नट-बोल्ट.

"पास झाली का खुर्ची?" नवरा पलंगावरून विचारायचा.

"काठावर," ती म्हणायची.

लग्नाआधीपासून ती काचसामानाच्या कारखान्यात माल बांधायच्या खात्यात होती. मी बांधलेलं हलत नाही, असं ती सांगायची आणि ते खरं होतं. नवऱ्याचा कणा दुखावला, कमरेखालचं बळ गेलं, खांद्यांतही जोर उरला नाही, तेव्हा तिने नोकरी सोडली. मागच्या दाराला उतरती फळी असलेली जुनी व्हॅन घेतली आणि ती चालवायला शिकली. नवरा अजून तंत्रशाळेत यंत्रांच्या आकृत्या काढायला शिकवत होता. तिथे त्याला नेणं-आणणं हेच आता तिचं खातं.

व्हॅनच्या तळाला चार पट्टे होते, दोन पुढे, दोन मागे. पट्ट्याचा आकडा खुर्चीच्या मुख्य सांगाड्यालाच अडकवायचा. चाकाला नाही, हाताच्या दांड्याला नाही, पायपट्टीला तर मुळीच नाही. जे सुटं निघतं ते धक्क्याने सुटतंच. नवऱ्याच्या कमरेचा आणि छातीचा पट्टा वेगळा. सगळं आवळून झालं की ती खुर्ची दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघायची. खुर्ची हलायची नाही, तो हलायचा.

"अगं, मी काचेचा नाही."

"माझ्यासाठी आहात."

खुर्चीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तिला खपत नसे. त्याची धाकटी बहीण मागच्या गल्लीत राहायची. अडीअडचणीला म्हणून घराची एक किल्ली तिच्याकडे असायची. ती आली की घर भरून बोलायची.

"वहिनी, दादाला मी बागेत फिरवून आणू का?"

"तुम्हाला जमायचं नाही, ताई."

"खुर्चीच आहे ना? विमान तर नाही!"

"पायरी आली की मागच्या नळीवर पाय द्यावा लागतो, खुर्ची मागे कलती करावी लागते. नाही दिला तर ते पडतील."

"दादा, हिने तुझ्याशी नाही रे, या खुर्चीशी लग्न केलंय."

तो हसला. बहिणीच्या बोलण्यावर तो नेहमी जरा जास्तच हसतो, असं तिला वाटायचं. तिच्या 'काठावर'ला तो नुसता ओठ हलवायचा.

एका रविवारी तिने खुर्ची आडवी केली, कात्री घेतली आणि तिचा हात थांबला. पुढच्या चाकांत एकही केस नव्हता. आस नव्या सुईसारखे चकाकत होते. तिने मोठी चाकं दाबून बघितली. हवा अगदी नेमकी. ब्रेकचा जो बोल्ट तिच्या हाताला नेहमी चुकार वाटायचा, तो तिच्यापेक्षा घट्ट पिळलेला होता.

"चाकं कोणाकडून साफ करून घेतलीत?"

"म्हणजे काय? तूच केलीस ना काल दुपारी? मला जरा डोळा लागला होता, पण चिमट्याचा आवाज येत होता."

काल दुपारी ती औषधांच्या दुकानात रांगेत उभी होती.

घरात चोरी झाली असती तर तिला एवढं लागलं नसतं. तिने खुर्ची उभी केली, बोल्ट सैल केला आणि पुन्हा स्वतःच्या हाताने पिळला. मनासारखा बसेना. तीन-चारदा केलं तेव्हा कुठे ती थांबली, आणि तेव्हाही तो आधीइतका घट्ट नव्हताच.

नंतर मुठी खाली आल्या. खुर्ची ढकलायच्या मुठींची उंची कमी-जास्त करता येते. तिच्या उंचीला बसतील अशा त्या तिने कधीच्या लावून ठेवल्या होत्या. बाहेरून आल्यावर तिने खुर्ची धरली तर तिला वाकावं लागलं. नणंद तिच्यापेक्षा बुटकी होती.

"तुझा हात हल्ली हलका झालाय हं," नवरा त्याच दिवशी जेवताना म्हणाला. "उंबरठा कधी ओलांडला, कळलंसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी ती नणंदेच्या दारात उभी राहिली. नणंद कमरेला रुंद पट्टा बांधून पलंगावर पालथी पडली होती.

"ताई, किल्ली द्या."

"आत तर या! काय झालं?"

"माझ्या मागे घरी येऊन त्यांना फिरवता, ते मला सरळ सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

"मी?" नणंद उताणी व्हायला गेली आणि कण्हून तशीच राहिली. "अहो वहिनी, माझी पाठ धरलीये. मला स्वतःची कूस बदलता येईना, मी दादाला ढकलू?"

"मग मुठी कोणी खाली केल्या?"

"कसल्या मुठी?" नणंदेने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. तिची थट्टा कुठल्या कुठे पळाली. "वहिनी, तुम्ही चार दिवस माहेरी जाऊन या. दादाला मी माणूस लावून देते."

दुसरा माणूस! ती किल्ली घेऊन निघाली. जिन्यात तिच्या लक्षात आलं, नणंदेची पाठ खरोखरच धरलेली आहे, आणि या गोष्टीने तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नणंद नव्हे, तर मग कोण? नणंद असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

तिला दाताच्या डॉक्टरांकडे जायचं होतं त्या दिवशी तिने शेवटचा उपाय केला. खुर्चीच्या मोठ्या चाकाला मधोमध एक बटण असतं. ते दाबून ओढलं की अख्खं चाक हातात येतं. खुर्ची गाडीत घालताना ते कामी येतं. तिने नवऱ्याला पलंगावर झोपवलं, उजवं चाक काढलं, मोठ्या कापडी पिशवीत घातलं आणि दाराला बाहेरून कुलूप लावलं. एका चाकाच्या खुर्चीवर कोण कोणाला नेतंय, बघू.

दवाखान्यात शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने पिशवीतून डोकावणाऱ्या तारांकडे पाहिलं.

"गाडी चोरीला जाऊ नये म्हणून चाक घेऊन हिंडता का, बाई?"

"हो," ती म्हणाली.

म्हातारा हसला. तिला हसू आलं नाही, पण जिवाला निवांतपणा वाटला. पिशवी सगळा वेळ तिच्या गुडघ्यांना टेकलेली होती. डॉक्टरांच्या खुर्चीवर पाठ टेकून तोंड उघडून बसली तेव्हाही पिशवी तिने पायांत धरली होती.

घरी आली. कुलूप जसंच्या तसं. नवरा पलंगावर होता. केस वाऱ्याने विस्कटलेले, गालांवर ऊन लागल्यासारखी लाली. खुर्ची भिंतीशी एका बाजूला कलंडून पडली होती, जशी ती ठेवून गेली होती तशीच.

"बरं वाटतंय आज," तो म्हणाला. "तळ्यापर्यंत गेलो."

तिने पिशवीतून चाक काढलं. टायरच्या नक्षीत ओला चिखल भरला होता. चिखलात गवताची हिरवी पाती होती. पिशवीचा तळ आतून कोरडा होता.

ती चाक हातात धरून तशीच पलंगाशी आली.

"कोण आहे ती?" तिने शेवटी विचारलं.

"हळू बोल गं."

"कोणाला ऐकू जाईल? कोण आहे घरात?"

तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या खांद्यावरून मागे, भिंतीकडे बघत होता. असं तो तिच्याकडे पूर्वी बघायचा, कारखान्याच्या फाटकाशी उभा राहून, ती पाळी संपवून बाहेर यायची तेव्हा. ती नजर तिने लगेच ओळखली. तिने मागे वळून पाहिलं नाही. भीती वाटली म्हणून नव्हे. तिला कोणाचा चेहरा बघायचाच नव्हता.

"तू बांधतेस चांगलं," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "ते कोणी नाकारत नाही."

तंत्रशाळेचा दिवस आला. तिने त्याला व्हॅनमध्ये चढवलं, ब्रेक लावले, पुढचे दोन्ही पट्टे आवळले, मागचा डावा आवळला. मागच्या उजव्या पट्ट्याचा आकडा सांगाड्याला अडकवला आणि पट्टा तसाच सोडून दिला. हातभर झोळ पडला. एवढ्या वर्षांत तिच्या हातून एकही पट्टा असा राहिला नव्हता. त्याचे स्वतःचे दोन्ही पट्टे तिने घट्ट लावले; त्याला पाडायचं तिच्या मनात नव्हतं. निदान ती स्वतःला तसं सांगत होती. तिला एवढंच बघायचं होतं, की खुर्ची खडखडली की तो कोणाला हाक मारतो.

खुर्ची हलवून न बघताच तिने दार लावलं.

रस्ता सरळ होता तोवर काही झालं नाही. चौकाच्या वळणावर तिने मुद्दाम वेग कमी केला नाही. कान मागे होते. खडखड नाही. पुढे एक सायकलवाला आडवा आला आणि तिने खरोखरच करकचून ब्रेक दाबला. तिची पर्स सीटवरून खाली उडाली. त्याच्या आकृत्यांची नळकांडी मागून गडगडत पुढे आली.

खुर्ची जागची हलली नाही.

तिने आरशात पाहिलं. नवरा मान मागे टाकून बसला होता, डोळे मिटलेले. त्याने उजवा हात खांद्यापर्यंत वर उचलला होता. तो खांदा त्याला कित्येक महिन्यांत उचलता आला नव्हता. त्याची बोटं मागच्या मुठीपाशी होती, पण मुठीवर टेकलेली नव्हती. मुठीच्या किंचित वर, कशावर तरी, थोपटत होती.

"नाही गं," तो हलकेच म्हणाला. "तिला जमत नाही आता. राग धरू नकोस."

तंत्रशाळेच्या फाटकात तिने व्हॅन उभी केली. ती उतरून मागच्या दाराकडे निघाली तेव्हा आतून आवाज येऊ लागला. एक पट्टा सुटला. दुसरा. तिसरा. चौथा.

तिने दार उघडलं. चारही पट्टे सुबक गुंडाळून आपापल्या कोपऱ्यात ठेवलेले होते, टोकं आत दुमडून. तिने आयुष्यात कधी एवढे नीट गुंडाळले नव्हते.

"उतरती फळी लावता का?" नवरा म्हणाला.

लावता का. लग्नापासून तो तिला अगं-तुगंच करत आला होता.

"अहो..."

"तुमचं काम चांगलं होतं," तो म्हणाला. रागाने नाही. निरोपाला आलेल्या नोकर माणसाशी बोलावं तसं, सभ्यपणे. "पण पट्टा सैल सोडायचा नसतो, बाई."

तिने फळी लावली. हातांना सवय होती म्हणून लागली. खुर्ची फळीवर आली, पाठीकडून, जशी उतारावर आणायची असते तशी, सावकाश, एका लयीत. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. खाली आल्यावर खुर्चीने वळण घेतलं आणि ती शाळेच्या आवारातून चालू लागली.

दाराशी एक पायरी होती. ती धावली. तोंडातून "नळी!" एवढाच शब्द निघाला.

पायरीशी खुर्ची थांबली. मागे कलली. पुढची चाकं अलगद उचलली गेली, वर टेकली, मागची त्यांच्या मागून चढली. नवऱ्याचं डोकंसुद्धा हललं नाही.

दारावरच्या रखवालदाराने काचेचं दार उघडून धरलं. खुर्ची आत गेली. त्याने दार सोडलं नाही. आणखी एक माणूस आत जाईल एवढा वेळ तसंच धरून ठेवलं, मान किंचित लववली, आणि मग सोडून दिलं.

ती दाराशी पोचली तेव्हा त्याने हात आडवा केला.

"कोणाकडे जायचंय तुम्हाला?"

"आत्ता गेले ना, खुर्चीवरून... ते माझे..."

"सर?" रखवालदाराने तिच्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्यांच्याबरोबर त्यांच्या मिसेस आहेत, बाई. तुम्ही गाडी सावलीत लावा."