राखेच्या बोगद्याचं दुसरं तोंड

वात जरा बारीक करा. सांगतो ते आमच्या निलम्माचं, माझ्या चुलत बहिणीचं. चोपन्न साल, मार्गशीर्षातली अमावस्या. गुलबर्ग्याकडं रुळालगत कोळशावर वीज करायचं मोठं बिजलीघर नुकतंच उभं राहिलेलं. तिचा धाकटा भाऊ सिद्धराम तिथं रातपाळीला होता, त्याची भाकर घेऊन ती निघाली होती.

महिन्यापूर्वी तिचा नवरा विरुपाक्ष तिथंच गेला. बॉयलरखाली राख ओढायचा बोगदा होता. नकाशात त्याला दोन तोंडं, हे गवंड्यांनाही ठाऊक. पण उद्घाटनाची घाई. काम उरकायला मोठ्या इंजिनिअर साहेबानं एक तोंड विटांनी बुजवलं. पुढं वरून तापली राख कोसळली अन् विरुपाक्ष त्या बुजवल्या तोंडापाशीच सापडला, अनवाणी. तोच साहेब म्हणाला, पिऊन झोपला असेल. गळ्यात इष्टलिंग, दारूला कधी शिवला नाही असा माणूस! निलम्मा रडली नाही.

त्या रात्री ती त्याच बुजवल्या भिंतीजवळून चालली होती. आतून ठोका आला.

ती थांबली. पाळी बदलायची होती. आत कुणी नव्हतं.

ठक्.

तिनं विटांना कान लावला. "कोण हाय?"

...

ठक्.

भाकर खाली ठेवली. गवंड्यांची पहार उचलली. विटा पडायला लागल्या तसा साहेब धावत आला. सरकारी भिंत आहे, तुरुंगात घालीन म्हणाला.

"घाला," निलम्मा म्हणाली. "पर हे दार तुमच्याच नकाशात व्हतं. माझा माणूस ह्याला धडका देऊन मेलाय."

कामगार जमले. तिच्या हातातली पहार कुणीच काढून घेतली नाही. माणूस निघेल एवढं भगदाड पडलं. आत अंधार. कुणी नाही.

मग सिद्धराम आणि तिघं जण पाळीवर बोगद्यात उतरले. पहाटेच्या आधी राख पुन्हा कोसळली. धूर... हाताला हात दिसेना... चौघंही त्या भगदाडातून जिवंत बाहेर आले.

उजाडलं. साहेब म्हणाला, राख झाडून घ्या. निलम्मा आडवी उभी राहिली.

"हात लावू नगा."

अजून धगधगत होती ती राख. तिच्यावर चौघांच्या बुटांचे ठसे, बाहेर आलेले. त्या ठशांवर पडलेली, एका पुरुषाची अनवाणी पावलं.

आत जाणारी.

परतीची नव्हती.