देवीदासची थाप

"लॅपटॉप कंपनीचा हाय काकू, तुमचा नाई."

"अन् पोट्टा कोनाचा होता? कंपनीचा?"

शंकर नगरातल्या त्या दोन खोल्यांत कूलर घरघरत होता. वाळ्याचा ओला वास भरून राहिला होता. समोरच्या चहावर साय धरली, तरी नीलेशनं कपाला हात लावला नव्हता. भीमाबाईंच्या मुलाला, त्याच्याच कंपनीतल्या देवीदासला, रस्त्यावर ट्रकनं उडवल्याला महिना झाला होता.

काम तसं साधं. एका हॉस्पिटलचं नेटवर्क क्लाउडवर जायचं होतं आणि ते सुरक्षित आहे असा शेरा नीलेशनं संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. नाहीतर नोकरीवर पाणी. नेटवर्कचा एकेक नियम धरून एकेक वाट चालून पाहणारा तपासणीचा प्रोग्राम ठामपणे सांगत होता, की देवीदासच्या लॅपटॉपपासून हॉस्पिटलपर्यंत एकही वाट उरलेली नाही. तरी रोज दुपारी त्याच लॅपटॉपवरून हॉस्पिटलच्या बंद दारावर थाप, म्हणजे आत शिरायची विनंती, पडत होती.

"कोनीतरी चालू करून राहिलं तो. सच बोलो काकू."

"कडी लावली तरी दार ढकलून पाहाव, हे मीच शिकवलं त्याले," भीमाबाई म्हणाल्या. "लहानपणी दोन-दोनदा उठे झोपेतून, दार पाहाले."

"तो कुठं हाय ते सांगा."

"हाय तिथं सुखात हाय." त्यांनी भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे पाहिलं. "रेल्वेवाले बी असेच आलते, यायची गार्डाची शिट्टी मागाले. नाई देल्ली."

"ती कुठं हाय?"

"त्यायच्यापाशी."

म्हातारीला भ्रम झालाय, नीलेशला वाटलं. तेवढ्यात रोजच्या इशाऱ्यानं त्याचा फोन थरथरला. देवीदासची थाप. पण आज खाली आणखी एक ओळ होती... दार उघडलं.

कुठल्यातरी एका स्विचवर अजून जुनाच नियम चालत होता. प्रोग्रामनं नकाशा तपासला होता, दार नाही. शेरा दिला असता, तर हॉस्पिटल सताड उघडं राहिलं असतं.

वाळ्याच्या वासात आता खणलेल्या मातीचा वास मिसळला होता.

"काकू... तो आत्ता चालू हाय. आतल्या खोलीत कोन हाय?"

"कोनी नाई."

"मंग काढा तो बाहेर. नाईतर मी पोलिसाले..."

भीमाबाईंनी त्याचा गार चहा उचलला.

"काढाले फावडं लागन, बाबू," त्या हळूच म्हणाल्या, "त्याच्या उशाखाली ठेवून मीच माती लोटली त्याच्यावर."