आमच्या अंगणातून जाणारी वाट

संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली, की आमच्या गावात कुत्रंसुद्धा रस्त्यावरून जपून चालतं. घंटा म्हणजे काय, तर नीरफणसाच्या झाडाला टांगलेला रिकामा सिलिंडर. पण त्यावर एकदा लोखंड वाजलं, की सगळा गाव घरी पळतो; दुसऱ्यांदा वाजलं, की चटईवर मांडी घालून बसतो.

त्या दिवशी बाबा प्रार्थना म्हणत होते. मी आणि आत्या डोळे मिटून बसलो होतो... म्हणजे आत्या मिटून, मी एक डोळा किलकिला करून. सवयच आहे माझी, काय करणार. आमच्या घराला भिंती नाहीत, नुसते खांब. त्यामुळे मला स्पष्ट दिसलं, एक उंच मुलगा मोबाईलमध्ये डोकं खुपसून आमच्या अंगणातून चालला होता. भर प्रार्थनेत.

त्याने मान वर केली. डोळे मिटलेली माणसं, आणि त्यांच्यात माझा एक उघडा डोळा. मी हातानेच खूण केली— खाली बस. तो बिचारा होता तिथेच गवतात बसला, माझ्या आईच्या कबरीशेजारी, आणि त्यानेही डोळे मिटून घेतले.

प्रार्थना संपल्यावर मी तरातरा गेले.

“घंटा ऐकू येत नाही का तुला?”

“आली ना. म्हणून तर घाईत होतो. नकाशात ही जवळची वाट दिसली...”

“कसली वाट? आमचं अंगण आहे हे.”

त्याने मोबाईल पुढे केला. खरंच होती. रस्त्यापासून आमच्या घरावरून थेट समुद्राकाठच्या गोड्या झऱ्यापर्यंत एक ठिपक्यांची रेघ. आता कळलं मला, खांद्यावर टॉवेल टाकलेले पर्यटक रोज आमच्या दारातून का जातात ते.

“कुठल्या गाढवाने काढली ही?”

तो खाकरला. “मी.”

त्याचं नाव फालानिको. राहायचा पलीकडच्या बेटावर, राजधानीत, अपियाला. पाणी खात्याच्या कामासाठी तो आमच्या बेटावर गावोगावचे नळ नकाशावर नोंदवायला आला होता. हा नकाशा फुकट, सगळ्यांचा. कुणीही त्यात भर घालावी, चूक दिसली तर सुधारावी. अपियात बसून आकाशातून घेतलेले फोटो बघताना त्याला आमच्या गवतात एक फिकट रेघ दिसली होती.

“वरून रस्ताच वाटला गं,” तो म्हणाला.

“झऱ्यावरून पाणी आणून आणून पडलीय ती. आईच्या पायांनी, मग माझ्या.”

त्याने कबरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “पुसून टाकू?”

“आत्ताच्या आत्ता.”

“मग तूच पूस. कुणालाही पुसता येते. मी शिकवतो.”

मी चर्चच्या ऑफिसात रविवारचं पत्रक टाइप करते, तिथला कॉम्प्युटर वापरायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी आला, तर हा पठ्ठ्या नकाशा सोडून कॉम्प्युटरवरच घसरला.

“हे काय? तुझा लिहायचा प्रोग्रॅम सारखा पैसे मागतोय.”

“मागू दे. मी नाही म्हणते, तो परत मागतो. आमचं बरं चाललंय.”

हसला. हसला की त्याच्या डाव्या गालाला खळी पडते, हे मी उगाचच पाहून ठेवलं. त्याने तो प्रोग्रॅम काढून दुसरा घातला.

“हा फुकट आहे.”

“फुकट? मग यात खोट काय?”

“खोट काही नाही. जगभरची माणसं मिळून बनवतात. ज्याला हवा त्याने वापरावा, बिघडला तर ज्याला जमेल त्याने दुरुस्त करावा.”

“आणि कुणालाच नाही जमलं तर?”

“तर... मला यावं लागेल.” हे तो पडद्याकडे बघत म्हणाला. कान मात्र लाल झाले होते. माझेही झाले असणार, कारण ते चांगलेच तापले होते.

रेघ त्या दिवशी राहूनच गेली. दुसऱ्या दिवशीही. त्याला शिकवण्याची घाई नव्हती, मला शिकण्याची. आत्या ताट वाढताना म्हणायची, “एक रेघ पुसायला एवढा वेळ? मोएलागी, अगं एवढ्यात मी अख्खी चटई विणली असती.”

एका दुपारी मी त्याला चर्चच्या गायनाच्या जुन्या फाईली दाखवल्या. कधीच उघडत नव्हत्या त्या. त्याने आणखी एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेतला, कुठलीही फाईल चालवणारा. आधी खरखर झाली. मग सगळ्या बायकांच्या वर चढणारा एक आवाज आला... मी खुर्चीचा हात घट्ट धरला. आईचा होता.

फालानिकोने नुसता आवाज थोडा वाढवला आणि माझ्या हातावर हात ठेवला. त्याच क्षणी मी त्याच्या प्रेमात पडले, सरळच सांगते. मागे वळले तर दारात बाबा उभे. कधीपासून, कोण जाणे. गाणं संपल्यावर ते निघून गेले.

आणि मग ती संध्याकाळ. बाबांनी प्रार्थना सुरू केली आणि झऱ्यावरून एक ओला घोळका आला. हसत, पाणी निथळत. त्यातले दोघे चपला झटकायला आईच्या कबरीवर टेकले. नकाशा हातात, चूक कुणाची म्हणणार?

बाबांनी फालानिकोला बोलावून घेतलं. ओरडले नाहीत, तेच वाईट.

“तुझा तो नकाशा सगळ्यांचा आहे म्हणतोस. आमची जमीनही सगळ्या घराण्याची आहे, एकट्याची कुणाचीच नाही. पण सगळ्यांचं म्हणजे कुणी कधीही शिरावं, असं नसतं रे बाबा. विचारून यायचं असतं. आम्ही वाट बंद केली. आता तूही येऊ नकोस.”

त्याने माझ्यासमोर रेघ पुसली. नकाशा विचारतो, बदल का केला? त्याने लिहिलं— घरमालकांची हरकत. माझ्याकडे एकदाच पाहिलं. शनिवारच्या बोटीने तो गेला.

मी रुसून बसणाऱ्यांतली नाही. पत्रक टाइप केलं, कॉम्प्युटर नीट चालला. मेला बिघडेना. बिघडला असता तर बोलावलं तरी असतं. रोज नकाशा उघडायची आणि रिकाम्या जागेकडे बघत बसायची. आमचं घर, झरा, आणि मध्ये काहीच नाही. आईची वाटसुद्धा गेली होती त्यात. मोबाईलमध्ये त्याचा नंबर होता, पण बाबांनी ज्याला येऊ नको म्हटलं, त्याला मी कुठल्या तोंडाने ये म्हणणार?

शेवटी एका सकाळी हात धजावला. रस्त्यापासून आमच्या घरापर्यंत मी रेघ ओढली. झऱ्यापर्यंत नाही, घरापर्यंतच. पुढे नोंद केली— फक्त घरच्यांना विचारून. बदल का केला? लिहिलं— घरमालकांची हरकत नाही. घरमालकांना मात्र मी विचारलंच नव्हतं.

त्यानंतरच्या शनिवारी, घंटेच्या जरा आधी, तो रस्त्यावर उभा होता. पांढरा शर्ट, कमरेला लुंगीसारखी कोरी लावालावा गुंडाळलेली, हातात डबाबंद मासळीचा खोका. प्रार्थनेची शांतता मोडणाऱ्याला गाव हाच दंड करतो. अंगणात त्याने पाऊल टाकलं नाही.

“राहिलेला दंड भरायला आलोय, काका. येऊ का?”

“वाट बंद आहे ना?” बाबा म्हणाले.

“नकाशात पुन्हा दिसतेय. खाली लिहिलंय, घरमालकांची हरकत नाही.”

बाबा माझ्याकडे वळले. “या घराचा मालक कधी बदलला?”

आत्याने पंखा हलवायचा थांबवला. मी मनात म्हटलं, आता नाही तर कधी?

“मी लिहिलंय, बाबा. तुम्हाला न विचारता. मला तो... मला तो यायला हवाय. अंगणातून जायला नव्हे. घरात.”

बाबा आईच्या कबरीकडे पाहत राहिले. तेवढ्यात सिलिंडरवर लोखंड वाजलं.

“माझी हरकत प्रार्थनेत चालण्याला होती,” ते सावकाश म्हणाले. “बसायला कोण नको म्हणतंय? ये लवकर, दुसरी घंटा होईल.”

तो मी काढलेल्या वाटेने आला. कबरीजवळ कमरेत वाकला आणि आत्याशेजारी, बरोबर माझ्यासमोर बसला. बाबांनी डोळे मिटले, आत्याने मिटले. मी एक डोळा किलकिला केला.

या वेळी त्याचाही एक डोळा उघडा होता.