घातवार सोडून

इंद्रजित शिडीवर होता आणि प्रांजल फळ्यासमोर, तेव्हा त्यांची ओळख झाली.

आठवीचा वर्ग होता, जुलै महिना होता. माण तालुक्यात जुलैत ढग येतात, खाली बघतात आणि पुढच्या तालुक्याला निघून जातात. शाळेनं नवा डिजिटल फळा घेतला होता आणि त्याची वायर ओढायला दहिवडीहून इलेक्ट्रिशियन आला होता. मुख्याध्यापक म्हणाले होते, तास बंद ठेवा. प्रांजल म्हणाली, त्यांचं काम वर चालेल, माझं खाली.

जुन्या फळ्यावर तिनं खडूनं लिहिलं – घात. दोनाचा तिसरा घात किती? आठ. पाचवा? बत्तीस. दहावा? एकानं वहीत गुणाकार मांडायला घेतला. तेवढ्यात वरून आवाज आला...

"एक हजार चोवीस."

सगळी मुलं वर बघायला लागली. शिडीवरचा माणूस तोंडातला स्क्रू हातात घेऊन हसत होता. तास संपल्यावर प्रांजलनं त्याला गाठलं. उत्तर आलं ते ठीक, पण हसायचं कारण काय?

"काय न्हाई मॅडम. पोरांना शिकवा तुमी."

"पोरंच विचारतायत."

"पोरं कवाच पळाली," तो म्हणाला. "तुमीच विचारताय."

तिनं डस्टर टेबलावर जरा जोरात ठेवला. मग तो शिडीची घडी घालता घालता सांगत गेला. तो आठ वर्षं मुंबईत लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होता, वडील गेल्यावर परत आला. आता आठवडाभर वायरिंग करतो आणि घरचं तीन एकर रान बघतो. त्यांच्याकडे घात मोजत नाहीत. पाऊस पडून गेला की रान ओलं असतं, पाय रुततो, तेव्हा घात नसते. दीड-दोन दिवसांनी माती मुठीत दाबायची. गोळा झाला पाहिजे आणि खाली टाकला की फुटला पाहिजे. असं झालं की म्हणायचं, घात आली. हलकं रान असलं तर ती एक-दोन दिवस राहते. तेवढ्यात पेरलं तर पेरलं.

"आणि चुकली तर?"

"मग वर्षभर ज्वारी इकत घ्यायची. आन् गावाला तोंड दाखवायचं."

प्रांजल सांगलीची. उसाच्या पाटाला बारा महिने पाणी बघितलेली. तिच्या माहितीतला घात म्हणजे एक गणितातला आणि दुसरा टीव्हीवरच्या मालिकेत भाऊ भावाचा करतो तो. दुसऱ्या दिवशी तिनं फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकोन आखला, वर 'पुसू नये' लिहिलं आणि मुलांना विचारलं की अजून कुठं कुठं ऐकलाय हा शब्द. कुणाच्या चुलत्याला मेंढरामागं उष्माघात झाला होता. कुणाच्या आजीला पक्षाघात. चौकोन भरत गेला.

तो बघायला इंद्रजित येत राहिला. म्हणजे यायचा फळ्याच्या वायरसाठीच. एका फळ्यासाठी दीड महिन्यात पाच वेळा आला, तेव्हा शेजारच्या वर्गातल्या सोनिया मॅडम म्हणाल्या, "प्रांजल, त्या फळ्याला इलेक्ट्रिशियन नाही, डॉक्टर लागतोय." प्रांजलनं ऐकलं नाही असं दाखवलं. कानाची पाळी मात्र लाल झाली, ती काही तिच्या हातात नव्हती.

चौकोनातला शेवटचा शब्द तिनं स्वतः लिहिला. घातवार. तिचे वडील, नानासो, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बत्तीस वर्षं सांगली स्टँडवर बसून कुठली गाडी किती मिनिटं उशिरा आली ते लिहीत होते. निवृत्त झाल्यावर वेळापत्रक गेलं आणि त्याच्या जागी पंचांग आलं. पंचांगात प्रत्येक राशीला एक वार वाईट दिलेला असतो. प्रांजलची रास तूळ, म्हणून गुरुवार बाद. गुरुवारी तिनं चप्पलसुद्धा विकत घ्यायची नाही.

"म्हंजे गुरुवारी तुमच्याशी बोलायचं न्हाई?" इंद्रजितनं विचारलं होतं.

"बोलायचं. फक्त काही ठरवायचं नाही."

त्यानं मान हलवली. त्यानंतर दर गुरुवारी सकाळी तिच्या मोबाईलवर एक निरोप यायला लागला – 'आज काय ठरवत न्हाई.' एवढाच. पुढं ना फूल, ना बदाम. प्रांजल तो वाचायची, मोबाईल पर्समध्ये टाकायची आणि पुन्हा काढून वाचायची. शुक्रवारी काय ठरवतो, हे मात्र त्यानं कधी लिहिलं नाही.

सप्टेंबरात तिनंच इंद्रजितबद्दल घरी सांगितलं. सांगावं लागलं, कारण कोरेगावचं स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, स्वतःचं घर, फोटोत हसरा. नानासोंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले की पुढच्या रविवारी अकरा वाजता त्याला काकाला घेऊन येऊ दे. आला तर बोलू. नाही आला तर मी संध्याकाळी कोरेगावला होय कळवतो.

"येईल," प्रांजल म्हणाली.

"बघ हं. मी वेळेचा माणूस आहे."

"येईल म्हटलं ना बाबा."

तिनं शब्द दिला आणि शुक्रवारी दुपारी माणमध्ये पाऊस पडला. महिनाभर हुलकावण्या देऊन असा पडला, की बांध फुटायचे राहिले.

रविवारी सकाळी सात वाजता फोन आला. सांगलीच्या घरी आई भडंगाला फोडणी देत होती. नानासो इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते, चार तास आधी. प्रांजल गॅलरीत गेली.

"प्रांजल," तो म्हणाला. मॅडम नाही. पहिल्यांदाच. आणि तेवढ्यावरून तिला कळलं की पुढं काहीतरी वाईट आहे.

पहाटे त्यानं माती मुठीत धरून बघितली होती. घात आली होती आणि ऊन असंच राहिलं तर उद्या दुपारपर्यंत जाणार होती. पेरायची तिफण बैलांची. बैल आप्पासो काका धरणार. तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बियाणं सोडायच्या त्या लाकडी वाटीवर, दरवर्षी त्याची आई सुलाबाई असायची. पण गेल्या आठवड्यात गोठ्यात पाय घसरून सुलाबाईचं मनगट मोडलं होतं, प्लास्टर होतं. उद्या बैल दुसऱ्याच्या रानात जाणार, गावाची तशी सावड, म्हणजे आळीपाळीनं एकमेकांना बैल द्यायची पद्धत, ठरलेली. ट्रॅक्टरवाले आज कुणाचा फोन घेत नव्हते.

"मी बाबांना शब्द दिलाय," प्रांजल म्हणाली. "आज नाही आलात तर संध्याकाळी ते कोरेगावला कळवणार."

"ठावं हाय मला."

"मग?"

पलीकडं बैलांच्या गळ्यातले घुंगरू वाजले.

"मग काय... न्हाई येत. खोटं कारण सांगायला आलं असतं, गाडी पंक्चर झाली म्हणून. पर तुला खोटं सांगून कुठं जाऊ?"

तिनं फोन ठेवला. रडली नाही. आत आली आणि वडिलांना एका दमात सगळं सांगून टाकलं. मग म्हणाली, "तुम्ही कोरेगावला कळवायच्या आधी मी एकदा बघून येते. तो खोटं बोलत असला तर मीच फोन करते त्यांना."

नानासोंनी घड्याळात बघितलं.

"एसटीनं तुला दुपार होईल," ते म्हणाले. "गाडी काढतो मी."

"तुम्ही कशाला?"

"गाडी रद्द झाली तर प्रवाशाला घरी पाठवत नाहीत. दुसऱ्या गाडीत बसवतात." ते किल्ली शोधत होते. "वेळ अकराचीच आहे. ठिकाण बदललं, एवढंच."

आईनं भडंगाचा डबा मागच्या सीटवर ठेवला. विटा मागं पडलं. मायणीच्या पुढं, दोन्ही बाजूंना तिफणी चाललेल्या दिसायला लागल्या तेव्हा नानासोंनी गाडीचा वेग कमी केला. त्यांचं मूळ गाव जतकडचं, हे प्रांजलला माहीत होतं. तिथलं रान का सुटलं, ते त्यांनी आज पहिल्यांदा सांगितलं. प्रांजलचा आजा पावसानंतर मेहुण्याच्या लग्नाला गेला. तीन दिवस मान घेऊन आला, तोवर रान वाळून कडक झालं होतं. त्या वर्षी घरात ज्वारी नव्हती. पुढच्या वर्षी आजा सांगलीला हमालीला आला आणि परत गेला नाही. एवढं सांगून त्यांनी गिअर बदलला.

अकराला दहा मिनिटं कमी असताना ते बांधावर पोचले. आप्पासो बैल हाकत होते. मागं इंद्रजित, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एक हात चाड्यावर, मुठीतून दाणे तीन नळ्यांत सोडत चाललेला. त्यानं त्यांना बघितलं. थांबला नाही. तास, म्हणजे पेरणीची ओळ, मध्ये सोडता येत नाही. कडेपर्यंत गेला, वळला, परत आला आणि मग उभा राहिला. घामेजलेला, मातीनं भरलेला, आणि चेहऱ्यावर दाखवायला आणलेल्या मुलीसारखा संकोच.

नानासोंनी बूट काढले, मोजे काढले, बुटात घातले. चार पावलं रानात गेले, वाकले आणि मूठभर माती घेतली. दाबली. मूठ उघडली तर गोळा झाला होता, बोटांचे ठसे उमटलेला. त्यांनी तो खाली सोडला. गोळा फुटला.

त्यांनी हात झटकले.

"खरं बोलतोय," ते प्रांजलला म्हणाले. मग इंद्रजितकडे वळले. "आज तू सांगलीला आला असतास ना, तर मी कोरेगावला कळवलं असतं."

बांधावरून, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेल्या सुलाबाईनं हाक दिली, "आवं पाव्हणं, पाणी तरी घ्या आधी. जमीन न्हाई पळून जात."

"ती पळूनच जाते बाई," नानासो म्हणाले.

पाणी झालं, भडंग झालं. बैल मात्र थांबवून चालणार नव्हतं. प्रांजलनं ओढणी कमरेला खोचली आणि चाड्यापाशी जाऊन उभी राहिली.

"जमंल का?" इंद्रजितनं हळूच विचारलं.

"तुम्हाला दोनाचा दहावा घात जमतो. मला मूठ नाही जमणार?"

त्यानं तिच्या हातात दाणे दिले. बोटं कशी ठेवायची ते तिच्या बोटांना हात न लावता दाखवलं. दोघांचे कान तापले होते, पण ऊनही होतं म्हणा. एक फेरी तिनं पेरली. कुठं दाणे भसकन पडले, कुठं पडलेच नाहीत. आप्पासो पुढून म्हणाले, "पोरी, जुंधळा हाय. लग्नात अक्षता न्हाईत टाकत." म्हाताऱ्याला आपण काय बोललो ते उशिरा कळलं. मग तो बैलांवर उगाच ओरडला.

संध्याकाळी कोरेगावला फोन गेला. नानासोंनी नम्रपणे नाही म्हणून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात शाळेत नेहमीसारखे तास झाले. त्याच्या पुढच्या आठवड्यात, एक दिवस शाळा सुटल्यावर इंद्रजित गाडी घेऊन फाटकाशी आला. म्हणाला, एक दाखवायचंय. तिला रानावर नेलं. ज्वारी उगवली होती, बोटभर, हिरवीगार, फणीनं विंचरल्यासारख्या ओळी. त्यात मधोमध तीन ओळी अशा, की एका जागी मूठभर रोपं एकमेकांच्या उरावर आणि पुढं दोन हात टक्कल.

प्रांजल बघत राहिली. "अख्खं गाव हसत असेल."

"हसतंय की. रस्त्यानं जाणारं थांबून इचारतं, ह्या तीन ओळी कुणाच्या म्हणून."

"मोडून टाका ना मग. नीट परत पेरा."

"घात गेली आता." तो बांधावर बसला. "आई म्हणती, ऱ्हाऊ द्या. पुढच्या वर्षी हात बसल पोरीचा."

वारा आला. ज्वारीची कोवळी पाती एका बाजूला कलली, दाट जागीही आणि विरळ जागीही. पुढच्या वर्षी... प्रांजलनं तो शब्द मनात दोनदा फिरवून बघितला.

"आज गुरुवार आहे," ती म्हणाली. "सकाळी निरोप नाही आला तुमचा."

"न्हाई पाठवला."

"का? काही ठरवत असाल तर नका ठरवू. बाबांना कळलं तर..."

"ठरवत न्हाई," इंद्रजित म्हणाला. त्याची नजर त्या तीन वाकड्या ओळींवर होती. "ठरलंय ते सांगाय आणलंय तुला."