पियुषच्या गिटारची घुरघुर

लाइट काही एवढ्यात येत नाही. बसा. मोबाइल उलटे ठेवा, तोंडावर उजेड नको.

ही ऐकीव गोष्ट नाही, पोट्टेहो. रेल्वेत माझ्या जोडीला लहानू होता, त्याच्या पोराची आहे. पियुष त्याचं नाव. इथल्याच बूढ़ापाऱ्यात, तलावामागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. पाहिजे तर उद्या जाऊन विचारा. मला त्यानं एकदाच सांगितली, तुम्हाला सांगणार नाही, पण विचारा.

बावीस सालची हरेली, म्हणजे इथल्या लोकांचा आषाढ अवसेचा सण. गुरुवार होता. आपली जिवतीही त्याच दिवशी. गल्लीत दारोदारी कडुनिंबाच्या डहाळ्या खोचलेल्या. पियुषच्या बायकोनं, कौमुदीनं, तान्ह्या पोरीसाठी भिंतीवर जिवतीचा कागद लावला होता, पुरणाचा नैवेद्य केला होता. अन् हा पठ्ठ्या सिलतऱ्याच्या प्लांटमधून सुटला, तो घरी यायचं सोडून शंकर नगरला गेला. गिटारच्या नव्या तारा घ्यायला. एवढंच काम होतं.

आता त्याचं दुखणं काय, ते ऐका. लग्नाआधी त्याच्याकडे खरा अ‍ॅम्प होता. म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा आवाज ज्यातून निघतो तो मोठा डबा. या घरात त्यानं तो एकदाच लावला. खालच्या मीराबाई जिना चढून आल्या अन् उंबऱ्यावर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी अ‍ॅम्प गेला विकायला.

तेव्हापासून त्यानं अ‍ॅम्पची नक्कल शोधणं सुरू केलं. आजकाल तशा वस्तू मिळतात. गिटारची वायर त्यात खोचायची, कानाला हेडफोन लावायचा. घरात कोणाला ऐकू जात नाही, अन् अ‍ॅम्पचा आवाज थेट लॅपटॉपात भरला जातो. पहिले त्यानं सॉफ्टवेअर घेतलं. तर तार आत्ता छेडायची अन् आवाज जरासा मागून यायचा. जसं कोणी पाठीमागं बसून वेडावून दाखवून राहिलं. ते सोडलं. मग बोटाएवढं एक यंत्र आणलं. त्याचा आवाज डब्यात कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा. ते परत केलं. मग पायानं बटणं दाबायची लांबलचक पट्टी घेतली. तिच्यात अ‍ॅम्पची नावंच नावं. प्लांटमधून थकून यायचा अन् एकेक नाव फिरवत बसायचा. यूट्यूबवर एक म्हणे हेच घ्या, दुसरा म्हणे हे तर भंगार. अन् कोणतंही नाव लावा, प्रत्येक आवाजाच्या बुडाशी तीच घुरघुर. घूंऽऽऽ... वैतागून त्यानं एकदा हेडफोन भिंतीवर फेकला. पोरगी दचकून उठली, तेव्हा कौमुदी काय बोलली असेल ते तुम्हीच समजा.

सोडून द्यावं तर तेही जमत नव्हतं. भिलाईच्या एका स्टुडिओवाल्यानं त्याला एका छत्तीसगढी गाण्यात गिटार मागितली होती. जन्मात पहिल्यांदा कोणी मागितली होती. यानं दोनदा पाठवली, दोनदा परत आली. "भैया, बजाया तो बढ़िया है, पर पीछे भनभनाहट है. कल सुबह तक साफ दे दो, नहीं तो दूसरे से करवा लेंगे."

शंकर नगरच्या दुकानात विशाल म्हणून पोरगा बसतो. तारा देता देता त्यानं विचारलं, "भैया, तार पे हाथ रखो तो आवाज बंद होती है?"

"हव, होते ना. हात उचलला की परत चालू."

"तो डिब्बे बदलने से कुछ नहीं होगा. घर की अर्थिंग खराब है. तार को आदमी का हाथ चाहिए. हाथ है तो चुप, हाथ हटा तो चालू."

पियुषनं कपाळावर हात मारला. कारण त्या गाण्यात मधे मधे हात उचलूनच घ्यायचा होता, सूर मोकळा सोडायचा होता. घुरघुर नेमकी तिथंच शिरत होती. अन् घरमालकाला वायरिंगचं आधीच विचारून झालं होतं. तो म्हणाला होता, "बल्ब जळतात ना तुमचे? मग?"

घरी आला, जेवला, नव्या तारा चढवल्या. कौमुदी पोरीला थोपटत होती.

"आजच्या दिवशी तरी राहू द्या ना हो," ती म्हणाली. "अवस आहे."

"उद्या सकाळी द्यायचं आहे."

"मले काही समजत नाही तुमचं. एवढे डबे आणले, अन् आवाज काही सापडून नाही राहिला."

"आज नाही जमलं तर गिटारच विकतो. मग तर झालं?"

तिनं पोरीला उचललं. आतल्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं.

बाहेरच्या खोलीत पियुष एकटा. गिटार स्टँडवर, भिंतीशी. तिची वायर त्या पट्टीत, पट्टी लॅपटॉपात. हा गिटारकडे पाठ करून बसलेला. कानाला हेडफोन. घूंऽऽऽ... नाव बदललं. घूंऽऽऽ... परत बदललं. बाहेर गल्ली निजली होती. तलावाकडून बेडकांचा आवाज येत असेल, पण याच्या कानात फक्त घुरघुर.

अन् घुरघुर थांबली.

एकदम. कापल्यासारखी.

त्याला वाटलं वायर निघाली. वळून पाहिलं. वायर जागेवर. गिटार जागेवर. अन् तो पाहून राहिला तेवढ्यात... घूंऽऽऽ. परत चालू.

त्यानं तोंड लॅपटॉपाकडे केलं.

थांबली.

आता वळायची हिंमत होईना. त्याला विशालचं बोलणं आठवलं. तार को आदमी का हाथ चाहिए.

"कौमुदी?" त्यानं हळूच विचारलं.

काही नाही. आतल्या खोलीचं दार लोटलेलंच होतं. फटीतून अंधार.

मग हेडफोनात एक आवाज आला. अगदी बारीक. गिटारवाल्यांना तो आवाज माहीत असतो. तारेवरून बोट सरकलं की होतो तो. स्स्सक्...

पियुष तसाच बसून राहिला. दुसरा कोणी असता तर आत पळाला असता, बायकोला उठवलं असतं. यालाही पळावं वाटलं. पण किती महिन्यांनी त्याच्या कानात ती शांतता आली होती! स्वच्छ. धुतलेली. इतके डबे आणले, इतक्या शिव्या खाल्ल्या, ते ह्याच शांततेसाठी. अन् आता ती आली आहे, तर उठून पळायचं? भीती होती. पण वैताग तिच्याहून मोठा होता.

तो उठला. गिटारकडे न पाहता ती उचलली. मांडीवर घेतली. तारांना हात लावला नाही. दोन्ही हात वर धरले, अन् ऐकलं.

घुरघुर नाही.

म्हणजे हात होता. याचा नव्हता, पण होता.

"कोण आहे ते मले माहीत नाही," पियुष म्हणाला. "फक्त... गाणं होईपर्यंत हात काढू नका."

अन् रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

सबंध गाणं एका दमात. जिथं हात उचलायचा तिथं त्यानं उचलला. सूर मोकळा सुटला, लांबत गेला, विरला... मागं काही नाही. नुसती शांतता. आयुष्यात तो असा कधी वाजला नव्हता. शेवटचा सूर विरला, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

त्यानं रेकॉर्डिंग बंद केलं.

"झालं," तो म्हणाला. "आता काढा हात."

तो थांबला. घुरघुर येईल म्हणून वाट पाहिली.

आली नाही.

"झालं म्हटलं ना..."

शांतता.

अन् मग त्याला जाणवलं, गिटार जड झाली आहे. मांडीवर हळूहळू दाबत चालली आहे. कोणी तिच्यावर... टेकून वाकल्यासारखं.

"सोडा," तो म्हणाला.

हेडफोनात तो बारीक आवाज पुन्हा आला. या वेळी लांब. सावकाश. स्स्सऽऽक्...

आत पोरगी रडली.

तेवढ्यानं त्याच्या अंगात जीव आला. त्यानं गिटार ढकलली. हेडफोन ओढून काढला. मेन स्विच पाडला अन् अंधारातच आत धावला. कौमुदीनं विचारलं, "काय झालं?" त्यानं दार लावलं. पोरीला मधे घेतलं. दाराला पाठ लावून बसून राहिला, उजाडेपर्यंत.

सकाळी गाणं पाठवलं. तासाभरात भिलाईहून फोन आला. "अरे वाह भैया, एकदम साफ! कौन सा अ‍ॅम्प लिया?" पियुष म्हणाला, "कोई नहीं." स्टुडिओवाल्यानं दुसरं काम देऊ केलं. पियुष नाही म्हणाला. त्यानंतर त्या घरात त्यानं गिटारची वायर कशातच खोचली नाही.

पण ती सकाळ राहिली सांगायची.

गिटार खाली पालथी पडली होती. त्यानं उचलून खिडकीशी नेली. रात्रीच चढवलेल्या तारा, कोऱ्या, चकचकीत. त्याची बोटं जिथं जिथं फिरली होती तिथंही चमक तशीच. फक्त एका जागी, मान जिथं धडाला मिळते तिथं, तारांवर गंज चढला होता. तांबडे ठिपके. चार एका ओळीत, पाचवा जरा बाजूला.

बोटं टेकल्यासारखे.

पियुषनं गिटार मांडीवर घेतली, रात्री बसला होता तशीच. त्या ठिपक्यांवर डावा हात लावून पाहिला. जमेना. उजवा लावला. अंगठा भलत्याच बाजूला जात होता. मागं कौमुदी उभी होती, कडेवर पोरगी. ती बराच वेळ पाहून राहिली. मग पुढं झाली, त्याच्या पाठीला टेकली, अन् त्याच्या डाव्या खांद्यावरून वाकून आपला हात खाली सोडला.

पाची बोटं, अंगठाही, त्या ठिपक्यांच्या ओळीत बरोबर आली.

फक्त तिचा हात... तिथवर पुरला नाही.