मागच्या दाराचे हमाल

सात्याचं वागणं चंद्राक्काला अजिबात पसंत नव्हतं. तीन दिवस झाले, गोळ्यांची डबी स्वतःच्या पोटात कुलूपबंद करून तो समोर उभा राहायचा आणि गोड आवाजात म्हणायचा, "आज नाही, आक्का." दवाखान्यानं घरी पाठवलेला, औषधं सांभाळणारा यंत्रमानव तो. खरं नाव सोबती-सात. पण मिरजेतल्या या परटाच्या घरात यंत्रालासुद्धा घरचं नाव पडायचं.

"माझी गोळी अडवणारा तू कोण रे डबड्या?"

"आक्का, तुमच्या रक्तात तीन दिवसांपूर्वी घेतलेलं औषध अजून आहे. त्याच्या आदल्या दिवसाचंही आहे. काम संपलं की त्यानं अंगाबाहेर जायला हवं. का जात नाही, ते मलाही कळत नाही. उद्या सकाळी आकडा उतरला नाही, तर तुम्हाला दवाखान्यात भरती करावं लागेल."

भरती! आक्कानं चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू दिली नाही, पण मनात हिशेब सुरू झाला. दीडशे घरांच्या कपड्यांच्या खुणा तिच्या डोक्यात होत्या. कागदावर एकही नव्हती, कारण शाळा दुसरीतच सुटली होती. ती आडवी झाली तर कुणाचा सदरा कुणाच्या अंगात जाईल, देव जाणे. दहा वर्षांची नात रेवू अजून निम्म्याच खुणा शिकली होती.

"पण सात्या, औषध बाहेर जातं तरी कुठून?" रेवूनं विचारलं.

सात्यानं दोरीवरच्या ओल्या चादरीवर प्रकाश टाकला. चादरीवर विटांसारख्या लालसर खोल्या उमटल्या.

"हे यकृत (उजव्या बरगड्यांखालचा, रक्तातला माल निवडणारा अवयव). आणि ही त्यातली एक पेशी (शरीराची सगळ्यात लहान खोली). हिचं पुढचं दार रक्ताकडे, मागचं पित्ताच्या नळीकडे. पुष्कळ औषधांना या दारांतून आपलं आपण जाता येत नाही. म्हणून दारात वाहक प्रथिनं बसलेली असतात (माल उचलून आतबाहेर करणारे मोठे रेणू)."

"हमाल म्हण की सरळ," रेवू म्हणाली.

"हमालच. पुढचे हमाल रक्तातलं औषध आत घेतात. आत काही औषधांना एक छोटा रेणू चिकटवला जातो. ती खूण ओळखून मागचे हमाल..."

"बिब्ब्याची खूण!" रागावलेली असूनही आक्काच्या तोंडून निघून गेलं. बिब्ब्याच्या काळ्या रसानं घातलेली खूण कितीही धुतलं तरी जात नाही; तिचा सगळा धंदा त्यावर चाले.

"तशीच. मग मागचे हमाल तो माल पित्तात लोटतात (पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस). नळीत आधीच गर्दी असली तरी जोर लावून लोटतात, त्यासाठी पेशीची ऊर्जा खर्च होते. पित्त आतड्यात उतरतं आणि औषध शौचावाटे बाहेर."

रेवू खिदळली.

"हसतेस काय गं? लोकांची घाण निघते म्हणून आपली चूल पेटते," आक्का म्हणाली. "पुढं बोल रे."

"पुढंच तर अडलंय. तुमचे मागचे हमाल जागेवर आहेत, ताकदही आहे. तरी माल आत साठतोय आणि भरलेली पेशी तो परत रक्तात ढकलतेय."

आक्का चादरीकडे बघत राहिली. गेल्या वर्षी मांडववाल्याचे पडदे तिनं भिडेखातर धुवायला घेतले होते. धुतलेले कपडे पोचवणाऱ्या गाडीवानानं गाडीत तेच आधी भरले आणि दवाखान्याच्या धुतलेल्या चादरींचा ढीग इस्त्रीच्या टेबलापर्यंत आला. माणसं आळशी नव्हती. त्यांचे हात दुसऱ्याच्याच गाठोड्यात अडकले होते.

दुसऱ्याचं गाठोडं.

ती उठली आणि खळीच्या डब्यामागून एक बाटली काढून सात्यापुढं आदळली. "शेजारच्या इंदूचा काढा. गुडघ्यासाठी. दिवसातून तीनदा."

"आज्जी! तू तर अख्ख्या गल्लीला सांगतेस, मी गोळीशिवाय काही घेत नाही म्हणून!"

"झाडपाल्याला कुणी औषध म्हणतं का?" आक्काचा आवाज आज पहिल्यांदाच खाली आला.

सात्यानं एक थेंब तपासला. "यातलं एक द्रव्य त्याच हमालांच्या हातात जाऊन बसतं, आक्का. माल झाडाचा असो की कारखान्याचा, हमाल तेच."

त्यानं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना कळवलं. काढा मोरीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्ताचा थेंब तपासून सात्या म्हणाला, "निम्म्यावर आला! भरती नको. पूर्ण उतरला की गोळी सुरू."

"सगळ्यांचे हमाल सारखेच असतात?" रेवूचं अजून संपलं नव्हतं.

"नाही. कुणाकडे कमी, कुणाचे मंद. उद्या तुझ्यासारखी कुणी प्रत्येकाच्या हमालांचा नकाशा काढील. मग गोळीही माणूस बघून ठरेल."

"दर घराची वेगळी खूण असते तशी!"

आक्कानं बिब्बा आणि सुई मागवली. सात्याच्या पांढऱ्या कापडी झग्याचं टोक ओढून त्यावर तीन ठिपके नि एक चंद्रकोर काढली. त्यांच्या स्वतःच्या घराची खूण. खूण पक्की बसावी म्हणून वर चुना दाबला आणि त्याच्याकडे मान वर करून बघितलं.

"ऐक रे सात्या. उद्धट आहेस, हेकट आहेस, आणि परत 'आज नाही' म्हणालास तर परत शिव्या खाशील. पण कामात खोट नाही तुझ्या. आता कुठंही धुवायला गेलास, तरी याच घरी परत यायचं!"